पाळीवरचे अर्धे मिनिट

माझ्याकडे फोटोग्राफी शिकायला येणारी पोरे समुद्रावरच्या सूर्योदयाचे फोटो मोबाइलवर दाखवतात आणि विचारतात, कोकणात कधी जायचे? त्यांना मी आधी नकाशा दाखवतो. डहाणूपासून वेंगुर्ल्यापर्यंत महाराष्ट्राचा सगळा किनारा पश्चिमेकडे तोंड करून आहे. गणपतीपुळ्याला किंवा तारकर्लीला सूर्य समुद्रात मावळतो. उगवतो तो पाठीमागून, माडांवरून, आणि वाळूपर्यंत ऊन पोचते तोवर त्यातली लाली उतरलेली असते. पाण्यावरून वर येणारा सूर्य मुंबईत बघायचा तर गेटवे ऑफ इंडियाला जावे, कारण अपोलो बंदरासमोरचे पाणी पूर्वेला आहे. नाहीतर सरळ पुरी गाठावी, विशाखापट्टणम गाठावे. तेवढी रजा आणि तेवढे पैसे नसतील तर आमच्या भंडारा जिल्ह्यातल्या एखाद्या तलावाच्या पाळीवर यावे. वैनगंगा इथून खाली जाऊन वर्धेला मिळते, दोघींची प्राणहिता होते, प्राणहिता गोदावरीत जाते आणि गोदावरी बंगालच्या उपसागरात. आमचे पाणी अखेर सूर्य उगवणाऱ्या समुद्रालाच मिळते, तेव्हा सूर्योदयावर आमचाही थोडा हक्क आहे असे मी धरून चालतो.

भंडाऱ्यात माझा स्टुडिओ आहे. पोट भरते ते लग्नांवर, पासपोर्ट साइजवर आणि अलीकडे प्री-वेडिंगवर. प्री-वेडिंगवाल्यांना आंभोऱ्याचा केबलचा पूल हवा असतो, ड्रोन हवा असतो आणि नवरीला वाऱ्यावर उडणारा लांब झगा हवा असतो. त्या कामाबद्दल माझी तक्रार नाही. कॅमेऱ्याचे हप्ते त्यानेच फेडले. पण लग्नघरातून रात्री एकला सुटल्यावर झोप येत नाही, आणि कार्तिक ते माघ या दिवसांत आमच्याकडच्या तलावांवर जे धुके धरते ते घरी पडून राहू देत नाही. लाँग एक्स्पोजरची, म्हणजे शटर बराच वेळ उघडे ठेवायची, सवय त्यातूनच लागली. गाडीत स्टँड असतोच.

बाहेरच्या वाचकांसाठी तलावांविषयी थोडे सांगायला हवे. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या पट्ट्यात हजारो जुने तलाव आहेत. गोंड राजांच्या काळात कोहळी लोकांनी ते बांधले, नंतर मालगुजारांकडे गेले. १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली, तलाव सरकारजमा झाले आणि कागदावर त्यांचे नाव ‘माजी मालगुजारी तलाव’ पडले. बोलताना सगळे मामा तलाव म्हणतात. छोटे जिल्हा परिषदेकडे, मोठे पाटबंधारे खात्याकडे. मातीचा बांध म्हणजे पाळ, शेताला पाणी सोडायची जागा म्हणजे तुडुम, जास्तीचे पाणी जाते ती सलंग. त्याहून लहान तळे असेल तर ती बोडी. धानाचे शेवटचे पाणी याच तलावांतून होते, आणि मासोळी धरायचा ठेका ढीवर समाजाच्या सहकारी संस्थांकडे असतो. पवनीत तर जगन्नाथ टेकडीजवळच्या तलावाचे नावच बालसमुद्र आहे. आम्हाला समुद्राची आठवण काही आजच होते आहे असे नाही.

फोटोग्राफरच्या कामाची गोष्ट अशी की पाळ कोणत्या अंगाला आहे त्यावर सगळे ठरते. उतार जिकडे, पाळ तिकडे. ज्या तलावाचा उतार पश्चिमेकडे आहे त्याच्या पाळीवर उभे राहिले की समोर पूर्वेला सगळे पाणी पसरलेले असते आणि पलीकडच्या काठावर झाडांची बारीक काळी रेघ. तिथून सूर्य निघतो. पण रोज एकाच ठिकाणाहून नाही. आमच्या अक्षांशावर २१ जूनला तो नेमक्या पूर्वेच्या सुमारे २५ अंश डावीकडे, म्हणजे उत्तरेला उगवतो आणि डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात तेवढाच दक्षिणेला. दिवाळीत ज्या पळसामागून सूर्य निघताना पाहिला त्याच्या भरवशावर संक्रांतीला आलात तर फ्रेमबाहेर ऊन पडेल. वेळही सरकते. जूनमध्ये साडेपाचलाच बिंब दिसते, जानेवारीच्या सुरुवातीला पावणेसात उलटून जातात. हिवाळ्यातही मुंबईपेक्षा वीसेक मिनिटे आधीच आमच्याकडे उजाडते, त्यामुळे तिकडच्या पाहुण्याने वेळ ठरवली की मी न विचारता ती अलीकडे ओढतो.

खरे काम सूर्य वर येण्याआधीच्या वीस-पंचवीस मिनिटांत होते. आकाश तेव्हा निळे असते, क्षितिजाशी पिवळट. आयएसओ १०० आणि एफ ११ वर दहा-पंधरा सेकंद सहज मिळतात, फिल्टरची गरज पडत नाही. उजाडू लागले की काळी काच लावावी लागते. दहा स्टॉपचा एनडी फिल्टर प्रकाश सुमारे हजारपट कमी करतो, म्हणजे जिथे एक तीसांश सेकंद पुरला असता तिथे शटर अर्ध्या मिनिटाहून थोडे जास्त उघडे ठेवता येते. काच एवढी काळी असते की ती लावल्यावर कॅमेऱ्यातून धड काही दिसत नाही. म्हणून फ्रेम आधी ठरवायची, फोकस करून तो लॉक करायचा, मागच्या व्ह्यूफाइंडरवर कापड टाकायचे, मग काच बसवायची. शटरला बोट लावायचे नाही, रिलीज केबलने दाबायचे.

बिंब वर आल्यावर मात्र हा खेळ आवरता घ्यावा. सूर्य तासाला १५ अंश सरकतो आणि त्याची स्वतःची रुंदी अर्धा अंश. म्हणजे दोन मिनिटांत तो आपल्या एका रुंदीएवढा वर जातो. दोन मिनिटांचे एक्स्पोजर दिले तर बिंब अंड्यासारखे लांबट उतरते. समुद्रावरचे जे फोटो बघून लोक वेडे होतात, त्यांत धुक्यागत पाणीही असते आणि गोलगरगरीत सूर्यही असतो. एका शटरमध्ये दोन्ही सहसा नीट येत नाहीत. तिथे बहुतेक वेळा दोन फोटो जोडलेले असतात. त्यात पाप काही नाही. गुस्ताव्ह ल ग्रे नावाच्या फ्रेंच फोटोग्राफरने १८५० च्या दशकात हेच केले होते. त्या काळच्या काचेवर आकाश आणि समुद्र एकदम नीट उतरत नसत, म्हणून आकाशाची एक निगेटिव्ह आणि समुद्राची दुसरी घेऊन तो एक प्रिंट काढायचा.

समुद्र आणि तलाव यांत या कामाच्या दृष्टीने फार मोठा फरक आहे आणि तो पुस्तकांत मला कुठे सापडला नाही. समुद्र सतत हलतो. अर्धा-एक सेकंद शटर उघडे ठेवले की परतणाऱ्या लाटेच्या रेघा येतात, तीस सेकंद ठेवले की लाटांचे धुके होते. आमच्या तलावात लाटच नाही. पहाटे वारा पडलेला असतो, पाणी आरशासारखे गप्प. एक पन्नासांश सेकंदाला जे दिसते तेच तीस सेकंदांना दिसते. पहिल्या हिवाळ्यात मला वाटायचे, एवढी महागाची काच घेऊन उपयोग काय! मग हळूहळू लक्षात आले की पाणी हलत नाही म्हणून बाकी सगळे हलताना दिसते. धुके हलते. पलीकडच्या गावातला चुलीचा धूर धुक्याखाली चपटा पसरतो, तो हलतो. पाळीखाली एका कोपऱ्यात शिंगाड्याची पाने असतात, ती टिबुकलीने डुबकी मारली की हलतात. आणि माणसे हलतात.

पहाटेचा तलाव निवांत असतो हे शहरातल्या माणसाचे मत आहे. सगळ्यात गर्दी त्याच वेळी असते. संध्याकाळी टाकून ठेवलेली जाळी उचलायला ढीवर साडेपाचलाच पाण्यात उतरलेले असतात, कोणी डोंग्यात, कोणी ट्रकच्या फुगवलेल्या ट्यूबवर. बाया टोपल्या घेऊन पाळीवर येऊन बसतात, कारण माल साकोलीच्या नाहीतर लाखनीच्या बाजारात वेळेवर पोचला पाहिजे. सलंगीकडे कोणी भांडी घासत असते. थोड्या वेळाने म्हशी येतात, आणि म्हशी पाळीवरून चालल्या की स्टँड हादरतो. तेवढा वेळ शटर बंद.

जाळे उचलताना मी जवळून बघितले आहे. डोंग्याच्या टोकाशी माणूस उकिडवा बसतो. डाव्या हाताने जाळ्याची वरची दोरी ओढत एकेक घडी मांडीवर घेतो. मासोळी आली की दोरी दातांत धरतो, उजव्या हाताचा अंगठा कल्ल्यामागे घालून फास मोकळा करतो आणि मासोळी न बघता मागे टोपलीत टाकतो. मरळ असेल तर बघून टाकतो, कारण मरळ उडी मारून परत जाते. डोक्याला बॅटरी बांधलेली असते. तिच्या उजेडात जाळ्यावरचे थेंब चमकतात, बाकी सगळा अंधार. एक जाळे उचलायला पाऊण तास सहज जातो.

हे सगळे समोर चालू असताना माझा कॅमेरा उघडा असतो आणि त्यात यातले काही येत नाही. तीस सेकंदांत डोंगा दहा-वीस हात सरकतो. प्रत्येक जागी तो क्षणभरच असतो, उरलेला सगळा वेळ तिथे मागच्या पाण्याचा उजेड काचेवर पडत राहतो. डोंगा काळा, पाणी उजळ, उजळ जिंकते. फोटोत एक करडा ओरखडा राहतो, दोन मिनिटांच्या फोटोत तोही राहत नाही. डोक्यावरची बॅटरी मात्र सरकता सरकता एक पिवळी वाकडीतिकडी रेघ ओढून जाते. म्हणजे माणूस गेला, बॅटरी राहिली. पाळीजवळच्या दगडावर वंचक बगळा बसलेला असेल तर तो अगदी पिसापिसासकट येतो, कारण मासोळी दिसेपर्यंत तो मान हलवत नाही.

पाळीवर बसून मी एकदा स्क्रीनवर फोटो बघत होतो. डोंगा काठाला लावून एक काका जवळ आले आणि मान वाकवून बघू लागले.

“का जी भाऊ, मी तं येवढ्या वेळचा समोरच होतो. कुठं गेलो मी?”

मी म्हटले, “तुम्ही हलत होता ना, काका. हलणारं याच्यात येत नाही.”

“हालणार नाई तं जारं कोन उचलन?”

एवढे बोलून ते टोपली घेऊन गेले.

फोटोग्राफीचा इतिहास वाचलेल्यांना यावरून दागेरची आठवण येईल. लुई दागेरने १८३८ मध्ये पॅरिसच्या एका हमरस्त्याचा, बुलव्हार द्यू तांपलचा, फोटो घेतला. रस्ता गाड्या-घोड्यांनी आणि माणसांनी वाहत असणार. पण एक्स्पोजर काही मिनिटांचे होते, त्यामुळे सगळा रस्ता रिकामा आला. खालच्या कोपऱ्यात एक माणूस तेवढा उरला, कारण तो बूट पॉलिश करून घ्यायला एका जागी उभा होता. फोटोत आलेला पहिला माणूस म्हणून त्याचे नाव घेतात. पॉलिश करणाऱ्याचा हात चालू होता, म्हणून तो अर्धवट, डागासारखा उतरला आहे. पैसे देणारा आला, काम करणारा पुसला गेला. दागेरने हे मुद्दाम केले नव्हते, त्याच्या ताटलीला तेवढा वेळच लागायचा. माझ्या कॅमेऱ्याला लागत नाही. मी काळी काच लावून तो वेळ विकत घेतो, म्हणून जबाबदारी माझ्यावर जास्त.

याची बाजारात फार मागणी आहे हेही खरे. एका कार्यालयाला दिनदर्शिकेसाठी जिल्ह्यातल्या पाण्याचे फोटो हवे होते. मी दोन्ही प्रकारचे नेले. जाळी, टोपल्या, म्हशी असलेले सगळे बाजूला गेले आणि साहेबांनी बारा गुळगुळीत, निळे, निर्मनुष्य तलाव निवडले. “शांत वाटतात,” म्हणाले. पैसे मिळाले, नाव छापायचे राहिले, ते असो. पण दिनदर्शिका हातात आली तेव्हा मला ती दुसऱ्याच कुठल्या जिल्ह्याची वाटली. परदेशात मायकेल केन्नासारख्या फोटोग्राफरने असल्या रिकाम्या पाण्याला मोठी प्रतिष्ठा दिली आहे आणि त्याचे काम मला मनापासून आवडते. सुगिमोतो या जपानी फोटोग्राफरने १९८० पासून काढलेले समुद्र बघताना तर मी हातातला चहा विसरतो. त्यांच्या पाण्यात माणूस नाही हे त्यांनी सांगून-सवरून ठरवले आहे. आमच्याकडे तो असतो, आणि चित्र छान दिसावे म्हणून जातो.

कारध्याला याची दुसरी बाजू दिसली. भंडारा शहर वैनगंगेच्या पश्चिम काठावर, कारधा पूर्वेला. म्हणून शहराच्या बाजूला उभे राहिले की सूर्य नदीपलीकडून येतो आणि मध्ये जुना ठेंगणा पूल. लहानपणी ही नदी हिवाळ्यात वाळूतून वाहायची. १९८८ मध्ये राजीव गांधींनी गोसीखुर्द धरणाची पायाभरणी केली, पुढे धरण उभे राहिले, पाणी अडले आणि फुगवटा शहरापर्यंत आला. आता नदी उभी आहे. त्यात नागपूरचे सांडपाणी घेऊन नाग नदी कन्हानमार्गे याच पाण्यात उतरते, म्हणून इकॉर्नियाला खायला भरपूर. या जलपर्णीचे हिरवे गालिचे पहाटेच्या वाऱ्याने हळूहळू सरकत असतात. शटर दोन मिनिटे उघडे ठेवले की गालिच्याच्या कडा विरघळतात, पाण्यावर मऊ हिरवी झाक उरते आणि फोटो इतका सुंदर दिसतो की लोक जागा विचारतात. त्या जागेवर नाकाला रुमाल लावल्याशिवाय उभे राहता येत नाही. ऑगस्ट २०२० च्या पुरात हेच पाणी शहरात शिरले होते, त्या दिवसांतले माझे सगळे फोटो १/५०० सेकंदाचे आहेत. तेव्हा काळ्या काचेची आठवणही झाली नाही.

आता माझी पद्धत अशी आहे. तीस सेकंदांचा एक फोटो घेतो, सवय जात नाही. मग दहा स्टॉपची काच काढून तीन स्टॉपची लावतो आणि पाव सेकंद ते एक सेकंद यांमध्ये खेळतो. अर्ध्या सेकंदाला उकिडवा बसलेला माणूस बसलेला दिसतो, चेहरा ओळखू येतो, पण जाळे ओढणारा हात आणि त्यावरून गळणारे पाणी यांची एक सलग रेघ होते. वंचकही येतो. धुके मऊ राहते. पाच-सहा फोटोंत एखादा जमतो, कारण नेमक्या त्या अर्ध्या सेकंदात डोंगा डुलायला नको, आणि डोंगा डुलतोच. दव हा आणखी एक वैरी. डिसेंबरात काचेवर पाच मिनिटांत थर बसतो आणि पुसायला गेले की चरे पडतात. मी लेन्सभोवती सुती दुपट्टा गुंडाळतो आणि दोन फोटोंच्या मध्ये तो काचेवर ओढून घेतो. स्टँडचे पाय गाळात रुततात, त्यांच्याखाली फरशीचे तुकडे ठेवतो. गाळ दरवर्षी वाढतो आहे. काठाची बेशरमाची झुडपे पाण्यात आणखी आत सरकत आहेत. हे फरशा ठेवताना समजते.

गेल्या हिवाळ्यात त्या काकांच्या संस्थेत फोटो घेऊन गेलो. ग्रामपंचायतीशेजारची एक खोली, भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, टेबलावर मत्स्यबीज खरेदीच्या पावत्या. अर्ध्या सेकंदाच्या फोटोंचे मोठे प्रिंट काढले होते, माणसे ओळखू येत होती. सगळ्यांनी एकमेकांना दाखवले, एकाच्या पोटावरून हसणे झाले. मग अध्यक्ष म्हणाले, भिंतीवर लावायला दुसरा द्या, तो मोठ्या वेळेचा, ज्यात कोणी नाही तो. मला वाटले हेही साहेबांसारखेच. तर त्यांनी तुडुमाच्या दगडांवर बोट ठेवले. लहर पुसली गेल्यामुळे पाणी दगडाच्या कोणत्या थराला टेकले आहे ते त्या फोटोत सुरीने कापल्यासारखे स्पष्ट दिसत होते. दुसऱ्या फोटोत तिथे डोंग्याने उठवलेल्या लाटा आणि त्याची सावली.

“याच्यात पानी बरोबर समजते जी. दिवाळीले कुठपर्यंत होतं, होळीले कुठपर्यंत उतरलं. गाद किती भरली ते साहेबाले दाखवाले कामी येईल.”

होळीनंतर त्याच जागेवरून, त्याच उंचीवरून आणखी एक काढून द्यायचे ठरले. स्टँड कुठे ठेवला होता त्याची खूण मी पाळीवरच्या दगडावर रंगाने करून आलो. निघताना अध्यक्षांनी पोरांना बजावले, भाऊ फोटो काढते तेव्हा तुडुमासमोर डोंगा नेऊ नका.